जुनं तसंच ठेवून दुरुस्त करायचं म्हणजे नेमकं काय? थेम्सकाठच्या एका छोट्या चर्चची गोष्ट

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले (अकरा आपल्याकडचे, एक तमिळनाडूतला जिंजी) आणि किल्ल्यांची दुरुस्ती हा विषय परत सगळ्यांच्या तोंडी आला. एकीकडे लोक म्हणतात, महाराजांच्या काळात होते तसेच्या तसे परत बांधून काढा, पैसा आहे, दगड आहे, मग अडलंय कुठे? दुसरीकडे पुरातत्त्व खातं म्हणतं पडलेलं बांधकाम आम्ही असं सरसकट नव्याने उभं करत नाही. सामान्य माणसाला ही सरकारी टाळाटाळ वाटते, आणि कामाचा वेग बघता तसं वाटणं चूकही नाही. पण त्यामागे एक विचार आहे, त्याचं मूळ बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका भांडणात आहे, आणि ते भांडण चर्चच्या दुरुस्तीवरून झालं होतं. तो विचार समजून घ्यायला मला सगळ्यात सोपी वाटणारी जागा म्हणजे इंगल्शम नावाच्या खेड्यातलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. एवढंसं चर्च आहे, पण आठ-नऊशे वर्षांत त्याला काय काय झालं ते आजही तिथे उभं राहून डोळ्यांनी बघता येतं, आणि तसं बघता येतं याचं कारण म्हणजे काही लोकांनी ते नवं करायला ठाम नकार दिला.

हे आहे कुठे

थेम्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडनचा पूल येतो. पण लंडनपासून वर वर जात राहिलं, ऑक्सफर्डही मागे टाकलं, की नदी इतकी लहान होते की लेचलेड नावाच्या गावाच्या पुढे मोठ्या बोटी जाऊच शकत नाहीत. लेचलेडच्या जरासं वर, नदीकाठच्या गवताळ कुरणांमध्ये, आजूबाजूपेक्षा किंचित उंच जमिनीवर इंगल्शमचं चर्च आहे. जवळच कोल्न ही छोटी नदी थेम्सला मिळते आणि तिथेच १७८९ मध्ये एक कालवा सुरू झाला होता जो थेम्सला पश्चिमेच्या सेव्हर्न नदीशी जोडायचा. त्या कालव्यावरच्या माणसासाठी बांधलेलं गोल घर अजून उभं आहे.

कारभाराच्या हिशोबाने हे ठिकाण स्विंडनच्या हद्दीत येतं. स्विंडनमध्ये गोव्यातून गेलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे तरी नातेवाईक या चर्चपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर राहत असतील, त्यांना जरूर सांगा.

गाव मात्र जवळजवळ राहिलेलंच नाही. मध्ययुगात इथे नांदतं खेडं होतं, आता चर्चभोवती दोन-चार घरं आहेत आणि शेतात जुन्या घरांच्या जागी जमिनीला आलेले उंचवटे आहेत. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो. गाव मोठं झालं असतं तर लोकांनी चर्च वाढवलं असतं, पैसेवाल्यांनी देणग्या देऊन ते चकाचक केलं असतं. इथे तसं करणारं कुणी उरलंच नाही.

आधी चर्चची रचना, अगदी थोडक्यात

चार शब्द एकदा समजून घेऊ. इंग्लंडमधलं जुनं चर्च साधारण पूर्व-पश्चिम असतं. लोक जिथे बसतात तो मोठा भाग म्हणजे नेव्ह. त्याच्या पूर्वेला, जिथे वेदी असते आणि पाद्री प्रार्थना चालवतो, तो भाग म्हणजे चान्सल. नेव्हच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगेपलीकडे जे लांबट दालन असतं ते आइल, आणि चान्सलच्या तोंडाशी जी लाकडी जाळी असते ती स्क्रीन.

हा फरक नुसता जागेचा नव्हता, पैशाचाही होता. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांच्या माथी आणि चान्सलची जबाबदारी त्या चर्चचं उत्पन्न खाणाऱ्याची. उत्पन्न म्हणजे काय तर दशांश, पिकाचा दहावा हिस्सा, जो प्रत्येक शेतकऱ्याने चर्चला द्यायचा. इंगल्शमचं चर्च किंग जॉनने, हाच तो ज्याच्याकडून पुढे १२१५ मध्ये सरदारांनी मॅग्ना कार्टावर शिक्का घेतला, १२०५ च्या सुमारास ब्यूली नावाच्या मठाला दिलं. ब्यूली तिथून लांब, दक्षिणेला समुद्राजवळ. म्हणजे इंगल्शमच्या शेतकऱ्याचं धान्य लांबच्या संन्याशांच्या हिशोबात जमा व्हायचं. त्याच मठाचं धान्याचं एक प्रचंड कोठार ग्रेट कॉक्सवेल गावात आजही उभं आहे, तेही इथून फार लांब नाही, आणि ते बघितलं की या व्यवस्थेत किती धान्य फिरत होतं याचा अंदाज येतो.

(जाता जाता, चान्सलच्या खर्चाची ही जबाबदारी जमिनीबरोबर पुढे पुढे सरकत राहिली. ॲस्टन कॅंटलो नावाच्या गावात जमिनीची मालकी असलेल्या एका जोडप्याला चर्चने दुरुस्तीचं बिल धाडलं, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं, आणि २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. रक्कम लाख पाउंडांच्या वर गेली. मध्ययुगातला नियम एकविसाव्या शतकात माणसाला असा गाठतो.)

वय कसं ओळखायचं?

"हे चर्च कधीचं?" या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देताच येत नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आज जी इमारत दिसते ती मुख्यतः १२०५ च्या आसपासची, म्हणजे मठाच्या ताब्यात गेली त्या सुमाराची. पण आत दक्षिणेच्या भिंतीत एक कोरीव दगड आहे तो त्याहून जुना, नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंडवर चालून यायच्या आधीच्या अँग्लो-सॅक्सन परंपरेतला. त्यावर मेरी आणि मांडीवर बाळ येशू आहे, आणि वरून देवाचा हात बाळाकडे बोट दाखवतोय. मेरी पुढे वाकलेली आहे, सगळं शरीर त्या बाळाभोवती गुंडाळल्यासारखं. मला इंग्लंडमधल्या जुन्या शिल्पांमध्ये याच्याइतकं मायेचं दुसरं आठवत नाही. आणि याच दगडावर एका काळी कुणीतरी सूर्यघड्याळाच्या रेघा मारल्या, कारण तो दगड तेव्हा बाहेरच्या भिंतीवर होता आणि दक्षिणेला तोंड असल्यामुळे सावली बघून प्रार्थनेची वेळ ठरवायला सोयीचा होता. त्यात कुणाला पाप वाटलं नसावं, गावाला घड्याळ हवं होतं, दगड होता.

बाकी वयाच्या खुणा कमानींमध्ये आणि खिडक्यांमध्ये असतात. ढोबळ नियम असा, की अर्धगोल कमान दिसली तर बहुधा बाराव्या शतकाची किंवा आधीची, टोकदार कमान दिसली तर बाराव्या शतकाचा शेवट किंवा नंतरची. तेराव्या शतकात खिडक्या अरुंद, उंच आणि टोकदार, मग पुढे त्या रुंद होत गेल्या आणि त्यांच्यात दगडी जाळीकाम आलं, पंधराव्या शतकापर्यंत तर खिडकीच भिंतीएवढी व्हायला लागली. हे सगळं लागू करताना एक ध्यानात ठेवायचं, की खिडकी नवी असली म्हणून भिंत नवी नसते. जुन्या भिंतीला भोक पाडून नव्या फॅशनची खिडकी बसवणं हे गावोगावी चालायचं.

इंगल्शममध्ये पंधराव्या शतकातल्या लाकडी स्क्रीन आहेत, त्याच सुमाराचं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे, आणि सतराव्या-अठराव्या शतकातले बॉक्स प्यू आहेत. बॉक्स प्यू म्हणजे छातीएवढ्या उंच लाकडी फळ्यांच्या खोक्यासारखी बसायची जागा, तिला दार. प्रत्येक कुटुंबाची आपली. प्रवचन लांबायचं, थंडी असायची, आत बसलं की वारा लागायचा नाही.

भिंतीवर नेमकं काय आहे?

खरा खजिना भिंतींवर आहे. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची चित्रं आणि मजकूर, एकावर एक, काही ठिकाणी सात थर. आपल्याकडे देवाच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढत राहतो आणि एक दिवस ती खोळ निखळून पडते, मग आत वेगळाच चेहरा निघतो, तसंच इथे झालंय, फक्त इथे खोळ पूर्ण निघाली नाही, जागोजागी टवके उडाले, आणि त्यामुळे एकाच नजरेत तुम्हाला वरची अक्षरं, त्याखालचा लाल रंग आणि त्याखालची नक्षी असं तिन्ही एकदम दिसतं.

हे थर का पडले ते कळायला थोडा इतिहास लागतो. मध्ययुगात गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं आणि प्रार्थना लॅटिनमध्ये, म्हणून बायबलच्या गोष्टी भिंतीवर रंगवायचे. देवदूत, संत, आणि जगाच्या शेवटी होणारा न्याय, ज्यात चांगले एकीकडे आणि वाईट दुसरीकडे. इंगल्शमलाही न्यायाच्या अशा चित्राचे अवशेष आहेत. मग १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले, पुढच्या काही वर्षांत मठ बंद केले (ब्यूली १५३८ मध्ये गेलं), आणि त्याचा मुलगा सहावा एडवर्ड १५४७ मध्ये गादीवर आल्यावर चर्चमधल्या प्रतिमा काढून टाकायचे हुकूम निघाले. नव्या प्रोटेस्टंट मताप्रमाणे चित्रापुढे, मूर्तीपुढे नमणं म्हणजे अंधश्रद्धा, देवाचा शब्द तेवढा खरा. मग भिंतींवर चुन्याचा हात फिरला आणि त्यावर चौकटी काढून इंग्लिशमध्ये मजकूर लिहिला गेला, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना असा. अक्षरं जुनी झाली की परत चुना, परत मजकूर.

म्हणजे बघा, ज्या चुन्याने चित्रं पुसायची होती त्याच चुन्याने ती जपली. वरती थर नसता तर तीनशे-चारशे वर्षं धूर, ओल आणि हात लागून लागून काही उरलं नसतं.

मग एकोणिसाव्या शतकात असं काय झालं?

इथून खरं भांडण सुरू होतं. १८३० नंतर इंग्लंडमध्ये धार्मिक उत्साहाची लाट आली आणि केंब्रिजमध्ये १८३९ मध्ये चर्चच्या वास्तुशास्त्राचा अभ्यास करणारी एक सोसायटी निघाली. तिचं म्हणणं होतं की खरं ख्रिस्ती वास्तुशास्त्र म्हणजे साधारण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्याआधीचं अपुरं आणि नंतरचं बिघडलेलं. मग गावोगावची चर्चं त्या 'खऱ्या' रूपात आणायचं काम सुरू झालं. यालाच तेव्हा रिस्टोरेशन म्हणत. पंधराव्या शतकातली खिडकी काढून चौदाव्या शतकासारखी नवी बसवायची, बॉक्स प्यू तोडून मोकळी बाकं टाकायची, आणि भिंतीवरचं प्लॅस्टर खरवडून दगड उघडा करायचा, कारण उघडा दगड जुना आणि प्रामाणिक दिसतो. ते प्लॅस्टर खरवडताना त्याच्यासोबत सगळे चित्रांचे थरही ढिगाऱ्यात गेले. मुळात मध्ययुगातल्या लोकांनी आतला दगड असा उघडा ठेवलाच नव्हता, ते प्लॅस्टर करून रंगवायचे. म्हणजे जुनं दाखवायच्या नादात असं रूप तयार झालं जे कुठल्याच काळात नव्हतं.

पण या लोकांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. बरीच चर्चं खरोखर पडायला आली होती, छपरं गळत होती, आणि त्यांच्यात पैसा आणि जीव ओतणारे हेच लोक होते. बॉक्स प्यूंना त्यांचा विरोध होता त्यामागेही एक न्यायाची बाजू होती, जमीनदाराचं कुटुंब पुढे दार लावून बसणार आणि मजूर मागे कुठेतरी बाकड्यावर, देवाच्या घरात हे नको, सगळ्यांना मोकळी जागा हवी, असं ते म्हणत. आज आपण बॉक्स प्यू कौतुकाने जपतो तेव्हा ती उतरंडही जपतो हे मान्य केलं पाहिजे. मला तरी ती दिसलेली बरी वाटते.

विल्यम मॉरिस यात कसा आला?

विल्यम मॉरिसला आपण फुलापानांच्या वॉलपेपरवरून ओळखतो. तो कवी होता, डिझायनर होता, नंतर कट्टर समाजवादी झाला. १८७१ पासून त्याचं गावाकडचं घर केल्मस्कॉटला होतं, लेचलेडच्या खाली थेम्सच्याच काठावर. आजूबाजूची चर्चं, कोठारं तो बघत फिरायचा. मार्च १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या भव्य ॲबीचं, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचं, रिस्टोरेशन सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा त्या काळचा सगळ्यात मोठा आर्किटेक्ट करणार अशी बातमी आली, मॉरिसने भडकून एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं, आणि त्याच महिन्यात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली. तिला लोकांनी गमतीने 'अँटी-स्क्रेप' नाव पाडलं, कारण खरवडण्याला विरोध. ती संस्था आजही काम करते.

तिचा मुद्दा ऐकायला साधा आहे. इमारत म्हणजे एका वर्षी बांधून संपलेली वस्तू नाही, प्रत्येक शतकाने तिच्यात आपलं काम घातलंय, आणि त्यातलं एक शतक निवडून बाकीची पुसायचा हक्क आपल्याला नाही. जे गेलं ते आपण परत आणू शकत नाही कारण ते करणारे हात आणि ती समजूत राहिली नाही, आपण फक्त नक्कल करू शकतो, आणि नक्कल खरी म्हणून खपवली की पुढच्यांना कळायला मार्गच उरत नाही. मग करायचं काय? रोजची काळजी घ्यायची, गळकं छप्पर वेळेवर सांधायचं, कललेल्या भिंतीला टेकू द्यायचा, आणि नवं जे घालाल ते नवं म्हणून ओळखू येऊ द्यायचं.

मॉरिसने यात स्वतःच्या धंद्याचं नुकसानही करून घेतलं. त्याची कंपनी चर्चसाठी रंगीत काचेच्या खिडक्या बनवायची, रिस्टोरेशनच्या लाटेत त्या कामाला मोठी मागणी होती, आणि संस्था काढल्यावर जुन्या चर्चमध्ये नव्या काचा घालायची कामं कंपनीने नाकारायचं ठरवलं. काही अपवाद झाले, पण धोरण तेच राहिलं.

इंगल्शमची पाळी आली १८८८-८९ मध्ये. चर्चची अवस्था वाईट होती, छप्पर आणि भिंती हाताबाहेर जायला लागल्या होत्या. मॉरिसने पैसे जमवायला मदत केली, जे. टी. मिकलथ्वेट या आर्किटेक्टने काम बघितलं, आणि काम असं झालं की मुद्दाम काही बदललंच नाही. छप्पर सांभाळलं, दगड सांधले, प्यू तिथेच ठेवले, प्लॅस्टरला हात लावला नाही. आत पितळेची एक छोटी पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय की हे चर्च मॉरिसच्या उत्साहाने आणि मदतीने दुरुस्त झालं आणि त्याचं या चर्चवर प्रेम होतं. अशी पाटी मला शंभर पुतळ्यांपेक्षा मोठी वाटते.

चुना आणि सिमेंट: एवढा फरक का पडतो?

आता कामाच्या भागाकडे येऊ, कारण विचार कितीही चांगला असला तरी शेवटी गवंडी काय कालवतो यावर सगळं ठरतं. जुन्या दगडी भिंतीला पाया असतो तो उथळ, ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे भिंतीत जमिनीतून आणि पावसातून पाणी शिरणारच. जुनी पद्धत पाणी अडवायची नव्हती, ते परत बाहेर पडू द्यायची होती. दगडांच्या सांध्यात चुना आणि वाळू, वर चुन्याचं प्लॅस्टर, हे सगळं सच्छिद्र, ऊन-वारा लागला की ओल सांध्यातून उडून जाते. चुना दगडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे इमारत थोडी हलली, बसली तर तडा सांध्यात जातो, दगड वाचतो. सांधा झिजला की परत भरायचा, ते खर्चाचं काम नाही.

सिमेंटचं याच्या उलट. १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं आणि पुढे ते सगळीकडे पोचलं. ते कडक आणि घट्ट, त्यातून ओल सहज जात नाही. मग भिंतीतलं पाणी वाट शोधत दगडातूनच बाहेर यायला लागतं, येताना क्षार आणतं, ते दगडाच्या पापुद्र्याखाली साठून फुगतात आणि दगडाचा चेहरा सुटून पडतो. इंग्लंडच्या थंडीत दगडातलं पाणी गोठून फुगतं आणि आणखी नुकसान. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा पुढे आलेल्या आणि मधला दगड खोल गेलेला असं दृश्य दिसतं. आपल्याकडे बर्फ नाही पण कोकणातला पाऊस आणि खारा वारा आहे, आणि मऊ जांभ्यात सिमेंट भरलं की असंच होतं.

आता लोक जे आक्षेप घेतात ते

पहिला आक्षेप: मग काय, पडू द्यायचं का? अजिबात नाही. उलट या पद्धतीत काम जास्त आणि सतत असतं, पन्हळी दर वर्षी साफ करा, कौल सरकलं की त्याच आठवड्यात बसवा. जे टाळायचं ते एवढंच की तीस वर्षं दुर्लक्ष करायचं आणि मग एकदम मोठा निधी आणून सगळं पालटायचं. दुर्दैवाने निधी, उद्घाटन, फोटो हे दुसऱ्या प्रकारालाच मिळतं, पन्हळ साफ केल्याचं उद्घाटन कुठेच होत नाही.

दुसरा: वरचे थर काढून खालचं जुनं, सुंदर चित्र पूर्ण का दाखवत नाहीत? कारण वरचा थर काढला की तो कायमचा गेला. अठराव्या शतकात कुणीतरी हाताने लिहिलेला मजकूर हाही इतिहासच आहे, आणि खाली नक्की काय सापडेल, किती शाबूत असेल याची खात्री नसते. शिवाय उघडं पडलेलं चित्र लगेच खराब व्हायला लागतं, मग त्याची देखभाल वेगळी. म्हणून इंगल्शममध्ये जे सुटतंय ते घट्ट करायचं आणि आहे तसं थांबवायचं, हीच पद्धत.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा आणि तो आपल्याकडूनच येतो: आमची मंदिरं जिवंत आहेत, तिथे रोज पूजा होते, आम्ही शतकानुशतकं जीर्णोद्धार करत आलोय, भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाही, मग हा इंग्लंडचा विचार आमच्यावर का? हा आक्षेप खरा आहे. आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची जी नियमपुस्तिका लिहिली तिच्यावर मॉरिसच्या विचारांची छाप स्पष्ट आहे, पण तिच्यातही असं म्हटलंय की ज्या वास्तू अजून मूळ कामासाठी वापरात आहेत तिथे कधीकधी जास्त प्रमाणात नूतनीकरण करावं लागतं. आणि २००४ मध्ये वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेने भारतासाठी स्वतःची सनद केली तेव्हा तिच्यात जीर्णोद्धाराच्या परंपरेला आणि ती जाणणाऱ्या पारंपरिक कारागिरांना उघड जागा दिली. माझं मत असं, की जीर्णोद्धाराची परंपरा जिवंत असेल तिथे म्हणजे दगड घडवणारा, चुना मळणारा कारागीर अजून असेल तिथे तिला मान द्यायलाच हवा. पण जुन्या हेमाडपंती देवळाच्या कोरीव खांबांना ऑइल पेंट फासणं किंवा सभामंडप पाडून आरसीसीचा स्लॅब टाकणं याला परंपरेचं नाव देता येणार नाही.

चौथा: लोक येत नाहीत अशा चर्चवर खर्च कशाला आणि कुणी करायचा? इंग्लंडमध्ये हा प्रश्न फार मोठा आहे कारण रविवारी चर्चला जाणारे कमी कमी होतायत आणि जुन्या इमारती हजारोंनी आहेत. १९६९ मध्ये त्यांनी एक फंड सुरू केला, आता तो चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट म्हणून ओळखला जातो. नियमित प्रार्थना बंद झालेली पण मोलाची अशी साडेतीनशेच्या वर चर्चं तो सांभाळतो, काही पैसा सरकारचा, काही चर्च ऑफ इंग्लंडचा, बाकी देणग्या. इंगल्शम १९८० च्या सुमारास त्याच्याकडे आलं. तरी पैशाची ओढाताण आहेच. जुन्या, नोंद झालेल्या प्रार्थनास्थळांना, ती कुठल्याही धर्माची असोत, दुरुस्तीवरचा वीस टक्के व्हॅट परत मिळायची योजना २००१ पासून होती, एप्रिल २०२५ मध्ये सरकारने तिच्यावर एका जागेला वर्षाला पंचवीस हजार पाउंडांची मर्यादा घातली, आणि तशीही ती मार्च २०२६ पर्यंतच होती. हिशोब सरळ होता, सव्वा लाख पाउंडांपर्यंतचं काम असेल तर पूर्ण व्हॅट परत, त्यावरच्या कामाचा भुर्दंड गावकऱ्यांवर. मोठं छप्पर बदलायचं म्हटलं की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जायची.

किल्ल्यांकडे परत

आता पुढच्या वेळी कुठल्या किल्ल्यावर काम सुरू झाल्याचं ऐकलंत तर "परत बांधणार की नाही" या प्रश्नाच्या आधी दुसरे प्रश्न विचारून बघा. टेंडरमध्ये चुना लिहिलाय की सिमेंट, आणि चुना असेल तर तो भिजत ठेवायला वेळ दिलाय का. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो आणि मोजमापं घेतलीत का आणि ती लोकांना बघायला मिळणार का. पडलेले दगड तिथेच खाली असतील तर नंबर घालून तेच परत चढवता येतात, त्याला जगभर मान्यता आहे, पण मूळ बुरुज कसा होता याचा पुरावाच नसेल तर जे उभं राहील ते ठेकेदाराच्या कल्पनेतलं असेल. नवीन दगड कुठे सुरू होतो हे जवळून बघणाऱ्याला कळेल अशी सोय ठेवलीय का. आणि काम संपल्यावर पुढच्या पावसाळ्यात तटावरची झाडं, तणं कोण काढणार, त्याला वर्षाला किती पैसे ठेवलेत. यातला शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो, तेव्हा तोच सगळ्यात आधी विचारा.